साखरेचं निमित्त

फाल्गुन लागला की आमच्या गावात हळदीचा वास सुटतो. कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं गाव आहे. पूर्वी हळद काहिलीत शिजायची, आता बॉयलरमध्ये शिजते. वास मात्र तोच, ओल्या मातीचा आणि औषधाचा मिळून झालेला. त्याच सुमारास तासगावच्या बाजूला द्राक्षं उतरतात, बेदाण्याच्या शेडवर बायाबापड्यांच्या हाताला काम मिळतं. ओढ्याकडचा पळस आठवड्याभरात निखाऱ्यासारखा होतो. आंब्याच्या मोहोरातून बारीक कैऱ्या डोकावायला लागतात. पाठ्यपुस्तकात वसंत ऋतूचा जो आनंद असतो, तो सगळा आमच्या गावात जागेवर असतो. आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक. तीस वर्षं हा आनंद मुलांना निबंधात लिहायला लावला.

पण त्या निबंधात एक गोष्ट कुणी लिहीत नाही, आम्हीही कधी लिहून घेतली नाही. आमच्या दारात कडुनिंब आहे. त्याची पानं कडाक्याच्या थंडीत गळत नाहीत, गळतात ती याच दिवसांत. सकाळी अंगण झाडलं की दुपारपर्यंत पुन्हा पिवळं. आठ-पंधरा दिवस झाड उघडं पडतं आणि मग त्याच फांद्यांवर तांबूस पालवी येते. पिंपळाचंही थोडंफार तसंच. आमच्याकडे पानगळ आणि पालवी एकाच दाराने येतात-जातात. त्या मधल्या पंधरवड्यात झाडाला काय होत असेल, हे आम्हाला कळायला बरीच वर्षं लागली. कारण घरातल्या माणसाचंही तेच होत होतं.

सुरुवात अम्मीपासून करायला हवी. अम्मी आमच्यातल्या एकाची आई, दुसरीची सासू; पण पंचवीस वर्षं एका चुलीवर जेवल्यावर दोघांचीही आईच. अम्मी बडबडी बाई. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं इथपासून कुणाच्या म्हशीला काय झालं इथपर्यंत सगळ्याची तिला खबर. शेवया करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोहल्ल्यातल्या बायका पिठाचा गोळा घेऊन तिच्याकडे यायच्या, "अम्मीजान, जरा बघा, पीठ जमलंय का?" ती नुसतं बोट लावून सांगायची.

आणि होळीच्या आसपास ही बाई गप्प व्हायची. दर वर्षी. केसांना तेल लागायचं नाही. शेवयांचं यंत्र पाटाला लावलेलं तसंच राहायचं. पहाटे तीन-साडेतीनला उठून ती उंबऱ्यावर येऊन बसायची आणि उजाडेपर्यंत अंधाराकडे बघत राहायची. विचारलं तर एकच उत्तर, "जी लगता नै, बेटा." का लागत नाही, ते तिलाही सांगता यायचं नाही. वैशाख आला, उन्हाळा स्थिर झाला की हळूहळू तिची जीभ सुटायची. पहिला पाऊस पडेपर्यंत ती पुन्हा आमची अम्मी झालेली असायची. मग आम्ही सगळे ते विसरून जायचो. तीही विसरायची. पुढच्या फाल्गुनापर्यंत.

गल्लीत याची कारणं ठरलेली होती. कुणी म्हणे बाहेरचं लागलंय, कुणी म्हणे नजर. एका गावच्या एका आमिलाने जादू झाल्याचं सांगून अब्बांकडून बऱ्यापैकी पैसे काढले. एक नातेवाईक बाई तर तोंडावर म्हणाली, "नमाजी असून असं बसतेस? ही नाशुक्री आहे." हे वाक्य अम्मीच्या मनात फार खोल गेलं. ती नमाज लांबवायला लागली, सजद्यात रडायला लागली आणि आणखी गप्प झाली. अब्बा बिचारे तिला दर गुरुवारी एसटीने मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्याला घेऊन जायचे. तिथून आली की तिला दोन दिवस बरं वाटायचं. त्याचं आम्हाला तेव्हा नवल वाटायचं. आज वाटतं, सकाळच्या कोवळ्या उन्हातला प्रवास, खिडकीतून येणारा वारा, अंगणात बसलेल्या चार अनोळखी बायकांशी झालेली चार शब्दांची देवघेव आणि नवरा दिवसभर शेजारी. या सगळ्याने तिला बरं वाटत असणार. दुआ तर होतीच.

१९९३ साली रमजान असाच फेब्रुवारी-मार्चमध्ये आला होता. डिसेंबर-जानेवारीतल्या मुंबईच्या दंगलींच्या जखमा ताज्या होत्या आणि ऐन रमजानात, १२ मार्चला, मुंबईत बॉम्बस्फोट झाले. आमच्या गावात काही घडलं नाही. पण बाजारात बोलणं कमी झालं, नजरा बदलल्या. त्या वर्षी अम्मी गप्प झाली तेव्हा आम्ही म्हणालो, दिवसच तसे आहेत, कुणाचं मन लागेल? कारण सापडलं म्हणून आम्हाला हायसंच वाटलं. पण रमजान चांद्रवर्षाचा. तो दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २००० साली तो डिसेंबरमध्ये आला. अम्मीने सगळे रोजे हसत धरले, ईदला परातभर शेवया केल्या. आणि तीन महिन्यांनी, मार्चमध्ये, ना रमजान, ना दंगल, ना घरात काही कमी, ती पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसली. हे समोर दिसत असूनही आम्ही दोघं शिकल्यासवरलेले शिक्षक त्याचा अर्थ लावू शकलो नाही. २००९ साली अम्मी हृदयविकाराने गेली. तिच्या त्या दुखण्याला घरात शेवटपर्यंत नाव नव्हतं.

नाव मिळालं ते ते दुखणं आम्हा दोघांपैकी एकाला झालं तेव्हा. कुणाला, हे इथे लिहीत नाही. लपवायचं म्हणून नव्हे. एका छपराखाली दोन माणसं राहतात तेव्हा एकाचं मन बसलं की दुसऱ्याचंही उभं राहत नाही. दुखणं दोघांचंच होतं. म्हणून हा लेखही आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे.

२०२३ च्या मार्चमध्ये थोडं झालं, ते परीक्षेच्या कामावर ढकललं. उत्तरपत्रिका, वर्षअखेर, निकालपत्रकं. शाळेत मार्च महिन्यात कुणाचं डोकं ठिकाणावर असतं? २०२४ साली मात्र ते ढकलता येईना. त्या वर्षी १२ मार्चला रमजान सुरू झाला. सेहरीसाठी उठायचं, पण त्याआधीच दोन वाजता झोप उडालेली. जेवण तोंडाला नको. छातीत सतत धडधड, जणू काही विसरलंय, कुठे तरी पोचायचं राहिलंय. आणि त्यातच एक जडपणा, की अंघोळीच्या बादलीकडे बघूनही दमायला व्हावं. बाहेर कोकिळा ओरडत होती. तिचं ओरडणं कानाला सोसत नव्हतं. "सगळं जग नवं होतंय आणि मी एकटंच जुनं होतंय असं वाटतं," असं वाक्य एका रात्री आमच्या घरात बोललं गेलं. त्यापाठोपाठ आणखी एक बोललं गेलं, "मी नसलो-नसले तरी काही अडायचं नाही." ते ऐकणाऱ्याची त्या रात्री झोप उडाली. ११ एप्रिलला ईद झाली. ईदच्या तिसऱ्या दिवशी आम्ही जिल्ह्याच्या गावी मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या दारात बसलो होतो. ओळखीचं कुणी भेटलं तर दातांच्या डॉक्टरकडे आलोय असं सांगायचं, हे एसटीतच ठरवून घेतलं होतं.

डॉक्टरांनी तासभर ऐकलं. त्या नसण्याच्या वाक्याबद्दल त्यांनी सरळ, स्पष्ट शब्दांत विचारलं. आम्हाला वाटत होतं असं विचारल्याने विचार वाढतील. उलट उत्तर देताना एक ओझं उतरलं. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होत होतं का?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या अम्मीचं नाव त्या दवाखान्यात निघालं आणि आम्ही दोघंही रडलो.

आजाराचं नाव डिप्रेशन. ते ठरावीक ऋतूत पुन्हा पुन्हा येऊ शकतं, हे आम्हाला नवीन होतं. आमच्यातला एक जण विज्ञान शिकवतो, दुसरा इतिहास. दोघांनीही आपापल्या वाटेने शोध घेतला. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो प्रामुख्याने थंड देशांतला, काळोख्या हिवाळ्यातला. त्यात माणूस फार झोपतो, फार खातो. पण काही थोड्या लोकांना तो वसंत-उन्हाळ्यात होतो. त्यात उलटं असतं: झोप उडते, भूक मरते, जीव तळमळतो. अम्मीचं पहाटेचं उंबऱ्यावर बसणं आम्हाला त्या एका वाक्यात दिसलं. असं का होतं याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं आणि उजेड बदलला की ते सगळ्यांचंच थोडं हलतं. काहींचं जास्त हलतं. आमच्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस रोज साधारण मिनिटभराने वाढतो. पहाटे गारठा, दुपारी पस्तिशीच्या पुढे पारा. तगड्या माणसाला त्यात सर्दी-खोकला होतो, त्याचं आपल्याला आश्चर्य वाटत नाही. मनाला काही झालं की मात्र वाटतं.

आणखी एक गोष्ट वाचून आम्ही हादरलो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ साली आत्महत्येवर पुस्तक लिहिलं. युरोपात जीव देण्याच्या घटना काळोख्या हिवाळ्यात नव्हे, तर वसंत-उन्हाळ्याकडे वाढतात, हे त्यांनी तेव्हाच मांडलं होतं. म्हणजे सगळं फुलतं तो ऋतू सगळ्यांनाच सोपा नसतो. घरातलं माणूस या दिवसांत असं काही बोललं तर ते बोलणं झटकू नये, एवढं आम्ही त्यावरून घेतलं.

इतिहासाच्या बाजूने जे सापडलं त्याने धीर आला. नववं-दहावं शतक ज्यांनी पाहिलं आणि जे ९३४ साली वारले, त्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या स्वास्थ्यावर एकच ग्रंथ लिहिला, 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस'. त्यात ते दुःखाचे दोन प्रकार करतात. एक, ज्याचं कारण माणसाला ठाऊक असतं. दुसरं, ज्याचं कारण त्याला सांगता येत नाही. या दुसऱ्याचं मूळ ते शरीरात शोधतात आणि शरीरावर उपचार करायला सांगतात. हजार वर्षांपूर्वीच्या एका मुसलमान विद्वानाला जे समजलं होतं, ते आमच्या गल्लीला समजलं असतं तर अम्मीला नाशुक्री कुणी म्हटलं नसतं. तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरात सुलतान दुसरा बायझीद याचा १४८८ चा दवाखाना आहे. तिथे मनाच्या रुग्णांना संगीत, पाण्याचा आवाज आणि फुलांचा सुगंध यांचा उपचार होत असे. सतराव्या शतकातला प्रवासी एवलिया चेलेबी याने तर वसंताच्या दिवसांत तिथे असे रुग्ण वाढतात, अशी नोंद केली आहे. हे वाचलं त्या रात्री आम्ही बराच वेळ गप्प बसून होतो. फाल्गुनाचं हे दुखणं आमच्या घरातलं एकट्याचं नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक पडला नाही, उलट तोंड कोरडं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकलो. पावसाळ्यात बरं वाटलं, तेव्हा आपल्या मनाने गोळ्या बंद करण्याची चूक होता होता राहिली. २०२५ च्या जानेवारीत डॉक्टर म्हणाले, "या वेळी फेब्रुवारीच्या आधीच तयारी करू." तयारी साधीच होती. झोपायची आणि उठायची वेळ पक्की. फजरनंतर परत आडवं न होता कालव्यापर्यंत चालत जायचं, सूर्य वर आला की परतायचं. झोप, भूक आणि मन यांची रोज एका वहीत दोन ओळी नोंद. मार्च महिन्यात घर, पैसा, नोकरी यांचा कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास दोघांनी बोलायचं. बोलायला काही नसेल तर नुसतं शेजारी बसायचं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुमचा रमजान मार्चमध्येच आहे ना? या वर्षी झोप मोडू नका. गोळ्यांच्या वेळा चुकवू नका. मी रोज्याला नाही म्हणतोय असं नाही, या वर्षीपुरतं सांगतोय."

ही गोष्ट घरी आणणं गोळ्यांपेक्षा कडू होतं. चौदाव्या वर्षापासून एकही रोजा चुकला नव्हता. आम्ही मशिदीच्या मौलानांकडे गेलो. मनात अम्मीला बोललेलं ते वाक्य होतं. मौलाना तरुण आहेत. त्यांनी विचारलं, "डॉक्टर जाणकार आहेत ना? मग आजार तो आजार. कुरआनाने आजाऱ्याला सवलत दिली आहे, पुढे बरं वाटलं की कजा करा. सवलत नाकारणं म्हणजे जास्तीचं पुण्य नव्हे." मग थोडं थांबून म्हणाले, "आपल्या नबींना हजरत खदीजा आणि अबू तालिब गेले त्या वर्षाला दुःखाचं वर्ष म्हणतात. हजरत याकूबांचे डोळे रडून गेले. त्यांचा ईमान कमी होता का?" आणि निघताना म्हणाले, "घरी तलबिना करून द्या. हजरत आयेशा आजाऱ्याला आणि दुःखात असलेल्याला ती द्यायला सांगायच्या." तलबिना म्हणजे जवाच्या पिठाची पातळ लापशी, दूध आणि मध घालून. ती त्या महिन्यात आमच्या घरात रोज सकाळी शिजली. गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या आधी.

मौलाना समजले, पण गल्लीला कोण समजावणार? २ मार्चला रोजे सुरू झाले. आमच्यापैकी एकाला रोजा आणि एकाला नाही. दुपारचं जेवण स्वयंपाकघराची खिडकी लावून घेऊन व्हायचं. भांडं वाजू नये म्हणून पोळी कागदावर. आपल्याच घरात चोरासारखं जेवताना घास उतरत नव्हता. चौथ्या दिवशी दूध घालणारा पोरगा अचानक आत आला आणि त्याने बघितलं. संध्याकाळी मशिदीच्या दाराशी कुणी तरी विचारलंच, "काय, रोजा नाही म्हणे?"

आणि आमच्या तोंडून निघून गेलं, "साखर निघाली ना. डॉक्टर नको म्हणालेत."

लगेच सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. "अरेरे, किती निघाली? कारल्याचा रस घ्या. माझ्या मेव्हण्याला पण आहे." पुढचे पंचवीस दिवस आम्ही गावभर साखरवाले होतो. शाळेतल्या सहकाऱ्यांनी चहा बिनसाखरेचा आणायला सुरुवात केली. धुळवडीला, १४ मार्चला, कुणी तरी पुरणपोळीचा डबा दिला तो 'तुम्हाला नाही हं, मुलीसाठी' असं बजावून. मुलगी तर पुण्यात. आम्ही हसलो. पण रात्री त्या वहीत एक ओळ लिहिली गेली: "रक्तात साखर असेल तर दुआ मिळते. मनात अंधार असेल तर साखरेचं नाव सांगावं लागतं." खोटं बोलून आम्ही स्वतःला वाचवलं होतं. आणि अम्मीला ज्या गप्पपणाने पोखरलं, त्याच गप्पपणाला आम्ही पुन्हा घरात घेतलं होतं.

त्या वर्षी ३० मार्चला गुढीपाडवा आला. एकोणतिसावा रोजा. शेजारच्या वहिनी आणि आमचं वीस वर्षांचं देणंघेणं. पाडव्याला त्यांच्याकडून गाठी येते, ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जातो. मुलगी लहान होती तेव्हा ती गाठीची माळ दिवसभर गळ्यात घालून फिरायची, संध्याकाळपर्यंत अर्धी खाल्लेली असायची. त्या सकाळी वहिनी आल्या. हातात वाटी, वाटीत कडुनिंबाचा कोवळा पाला नुसता वाटलेला. गूळ नाही, डाळ नाही. गाठी तर नाहीच.

"तुम्हाला साखर ना," त्या म्हणाल्या. "म्हणून या वर्षी गाठी आणली नाही हो. जीव लागत नव्हता हात रिकामा आणायला. पण कडुनिंब साखरेला चांगला. रोजा सुटल्यावर घ्या."

दारातल्या कडुनिंबाचाच पाला होता तो. फांदी त्यांच्या अंगणात झुकलेली आहे. तांबूस पालवी फुटून आता हिरवी व्हायला लागली होती. ती वाटी हातात घेऊन आम्हाला एकाएकी खोट्याची लाज वाटली. या बाईने अम्मीला शेवटचं पाणी पाजलं होतं.

"वहिनी, साखर नाही आम्हाला," आमच्यापैकी एक जण म्हणाला.

मग सगळं सांगितलं. मार्च, पहाट, गोळ्या, बंद खिडकी. सांगायला पाच मिनिटं लागली असतील. वहिनी पायरीवर बसल्या. गुढीसाठी नेसलेलं नवं लुगडं धुळीत गेलं तरी त्यांना भान नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या गोळ्या देवघरात मागच्या बाजूला आहेत. तीन वर्षं झाली. मी सगळ्यांना कंबरेचं दुखणं सांगते." त्यांच्या मिस्टरांना आम्हीही कंबरेचं तेल आणून दिलं होतं, तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या.

वहिनी उठल्या, घरी गेल्या आणि गाठी घेऊन आल्या. संध्याकाळी रोजा सोडून सगळी गल्ली गच्चीवर गेली. त्यांच्या गच्चीवरची गुढी नुकतीच उतरवली होती, काठी भिंतीला टेकून उभी होती. चंद्राची बारीक कोर दिसली. ३१ मार्चला ईद झाली. शीरखुर्म्याचं पातेलं वहिनींकडे गेलं. त्यात साखर नेहमीएवढीच होती.

तो फाल्गुन सोपा गेला असं नाही. मधले दहा दिवस वाईट होते, डॉक्टरांना दोनदा फोन करावा लागला, गोळीचं प्रमाण वाढवावं लागलं. पण २०२४ च्या मानाने तो वर वर गेला. राहिलेले एकोणतीस रोजे पुढच्या थंडीत, दिवस लहान असताना, डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोन असे धरत पुरे केले. तरावीहचं जागरण नसल्याने झोपेची घडी मोडली नाही. रमजान आता सरकत सरकत फाल्गुनातून माघाकडे, पौषाकडे जाईल. तो चंद्राच्या हिशेबाने चालतो. मनाचं हे दुखणं मात्र सूर्याच्या पंचांगाने येतं. ते दर वर्षी याच सुमारास दार वाजवणार, हे आम्ही धरून चाललो आहोत. दार वाजणार हे माहीत असलं की दचकायला होत नाही.

आम्ही काही मोठं काम केलेलं नाही. एवढंच की आता कुणी विचारलं तर साखरेचं नाव सांगत नाही. "मनाचं दुखणं आहे, औषध चालू आहे," असं म्हणतो. पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडला होता. ऐकणारेही आधी गडबडतात. काही जण विषय बदलतात. एक-दोघांनी मागे काही म्हटल्याचं कानावरही आलं. पण त्यानंतरच्या महिन्यांत आमच्याकडे चार जण हळूच येऊन गेले. त्यात एक जुना विद्यार्थी होता, एक बेदाण्याच्या शेडवर काम करणारी बाई होती आणि एक तर मशिदीच्या दाराशी तो प्रश्न विचारणारेच गृहस्थ होते. त्यांच्या सुनेला बाळंतपणानंतर असं होत होतं. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही फक्त डॉक्टरांचा पत्ता देतो, पहिल्या दिवशी हवं तर सोबत जातो आणि ज्याला रात्री-अपरात्री फार असह्य होईल त्याला १४४१६ हा नंबर लिहून देतो. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ही 'टेलि-मानस' सेवा आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीतही बोलता येतं. तो नंबर आमच्या घरात कॅलेंडरवर लिहिलेला आहे, रमजानच्या वेळापत्रकाच्या शेजारी.

अम्मीचं शेवयांचं यंत्र आम्ही माळ्यावरून काढून, तेल देऊन ठेवलं आहे. फाल्गुनात एक दिवस ठरवून शेवया करायला बसतो. वहिनी येतात, त्यांचे मिस्टर दांड्यावर वाळत घालायला मदत करतात. ज्या दिवशी हात चालत नाही त्या दिवशी आमच्यापैकी एक जण नुसतं बसून असतो, दुसरा यंत्र फिरवतो. कुणी कुणाला विचारत नाही, गप्प का? सगळ्यांना ठाऊक असतं. अंगणात कडुनिंबाची पानं पडत असतात, अधूनमधून एखादं पिवळं पान ओल्या शेवयांवर येऊन चिकटतं. ते उचलून टाकायचं आणि पुढे चालायचं.